मुक्तछंद म्हणजे नुसतं ‘एंटर’ मारणं? न कळणारी कविता आणि वेगळं गाणं सामान्य माणसानं कसं ऐकायचं?

‘एक परिच्छेद लिहायचा, मध्येमध्ये एंटर मारायचा, झाली कविता तयार.’ हा विनोद तुम्ही कधी ना कधी वाचला असेल, कदाचित फॉरवर्डही केला असेल. गाण्यातही तेच. कुणी नेहमीपेक्षा वेगळं गायला लागलं की ‘याचा सूर लागलाय की पोटात दुखतंय?’ असं म्हणणारा एक तरी भेटतोच.

हसण्यात गैर काही नाही. पण अशा कार्यक्रमांत साधारण तीन प्रकारचे लोक असतात. पहिले, ‘हे सगळं थोतांड आहे’ असं सांगून मोकळे होणारे. दुसरे, काही कळलेलं नसताना मान डोलावणारे, कारण शेजारचा डोलावतोय. आणि तिसरे, जे संख्येनं सगळ्यात जास्त असतात. त्यांना वाटतं की आपणच कुठेतरी कमी पडतोय. ते काही बोलत नाहीत, टाळ्या वाजवून घरी जातात आणि पुढच्या वेळी तिकडे फिरकत नाहीत.

हा लेख या तिसऱ्या गटासाठी आहे. अशी कविता किंवा असं गाणं समजून घ्यायला पदवी लागत नाही. काही साधे प्रश्न विचारता आले की पुरतं.

वेगळं म्हणजे नेमकं काय?

आपण गाणं ऐकताना नुसतं ऐकत नसतो, पुढे काय येणार याचा मनातल्या मनात अंदाज बांधत असतो. मुखडा झाला की अंतरा येणार, अंतरा संपला की पुन्हा मुखडा येणार. गझलेच्या शेरात दुसऱ्या ओळीच्या शेवटी काफिया-रदीफ येणार. ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक असणार आणि चौथा आखूड असणार. हे नियम आपल्याला कुणी बसवून शिकवलेले नसतात, ऐकून ऐकून अंगात मुरलेले असतात.

अमेरिकन संगीत अभ्यासक लिओनार्ड मेयर यांनी १९५६ साली आपल्या पुस्तकात हेच मांडलं होतं. संगीतातून भावना जाग्या होतात त्यामागे आपल्या अपेक्षा असतात. त्या पुऱ्या होणं, लांबणं किंवा मोडणं या सगळ्याचा आपल्यावर परिणाम होतो. अपेक्षा थोडी मोडली तर मजा येते. खूपच मोडली तर वैताग येतो. म्हणजे ‘हे काय चाललंय?’ असं वाटणं हा तुमचा अडाणीपणा नाही. तुमच्या कानाला एक नियम माहीत आहे आणि तो मोडल्याचं त्याला कळलंय, एवढाच त्याचा अर्थ.

शिवाय हे वेगळेपण कायमचं नसतं. सुनीत म्हणजे चौदा ओळींची कविता. हा प्रकार मराठीत केशवसुतांनी १८९२ साली आणला तेव्हा तो पाहुणा होता, पुढे तो शाळेच्या पुस्तकात जाऊन बसला. २९ मे १९१३ ला पॅरिसमध्ये इगोर स्ट्राविन्स्की यांच्या ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा प्रेक्षागृहात आरडाओरडा झाला होता. बरोबर २७ वर्षांनी, १९४० मध्ये, तेच संगीत डिस्नेच्या ‘फँटेशिया’ या ॲनिमेशनपटात डायनासोरांच्या दृश्याला वापरलं गेलं. ज्या संगीतानं पॅरिसमध्ये गोंधळ उडवला, ते आता लहान मुलं पडद्यावर बघत बघत ऐकत होती. चित्रपटासाठी संगीतात थोडी काटछाट झाली होती, पण मुख्य म्हणजे ऐकणाऱ्यांचे कान बदलले होते.

मराठी माणसाला हे खरंच नवीन आहे का?

तर नाही. मुक्ताबाईंच्या नावावर असलेल्या एका प्रसिद्ध अभंगात मुंगी आकाशात उडते आणि सूर्याला गिळते. अशा रचनांना कूट म्हणतात. कबीरांच्या उलटबांसी त्याच जातीच्या. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो, भुतं नाचतात, जोशी भविष्य सांगतो. वरवर खेळ चाललेला असतो आणि आत अध्यात्म असतं. विंचू हा विंचू नसून आपल्यातला काम-क्रोध आहे, हे गावातल्या अक्षर-ओळख नसलेल्या श्रोत्यालाही पोहोचत होतं.

कसं पोहोचत होतं? वारकरी कीर्तनात एक अभंग घेऊन महाराज दीड-दोन तास बोलतात. धृपद पुन्हा पुन्हा गायलं जातं, टाळकरी ते उचलतात, मध्ये दृष्टांत येतो, मध्ये विनोद येतो, परत तीच ओळ येते. पहिल्या पाच मिनिटांत अर्थ कळावा अशी श्रोत्याची अपेक्षाच नसते. तो ओळीसोबत बसून राहतो.

म्हणजे अवघड शब्दांसोबत वेळ घालवायची सवय आपल्याकडे होतीच. आता तीस सेकंदांत काही मिळालं नाही की अंगठा वर सरकतो. अवघड कविता नेमकी तिथेच हरते.

मर्ढेकर: कवितेवर खटला झाला, नंतर ती अभ्यासक्रमात आली

बा. सी. मर्ढेकर यांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ साली आला. ‘दुर्बोध’ हा शिक्का तर बसलाच, पण अश्लीलतेच्या आरोपावरून खटलाही चालला. १९५२ साली ते निर्दोष सुटले. आज विद्यापीठांत मराठी शिकणाऱ्या मुलांना मर्ढेकर टाळून पुढे जाता येत नाही.

लोकांना एवढं काय खटकलं होतं? गंमत अशी की मर्ढेकरांनी सगळे नियम मोडले नव्हते. अभंगासारखा संतांचा छंद त्यांनी हौसेनं वापरला. मोडला तो विषयाचा आणि शब्दांचा नियम. त्या जुन्या ओळखीच्या चालीत त्यांनी यंत्रं आणली, इंग्रजी शब्द आणले, मुंबईची गर्दी आणली, पिंपात मेलेले उंदीर आणले. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं होतं आणि शहरातला माणूस मोठ्या यंत्रातला खिळा होत चालला होता. हे सांगायला चंद्र, चांदणं आणि फुलं कमी पडत होती.

इथून आपल्याला पहिला प्रश्न मिळतो: यानं कुठला नियम मोडलाय आणि कुठला पाळलाय? मर्ढेकरांची कविता हा प्रश्न मनात ठेवून मोठ्यानं वाचा. कानाला अभंग ऐकू येतो आणि डोळ्यांना कारखाना दिसतो. या दोघांचं जे भांडण आहे, त्यातच कवितेचा बराचसा अर्थ आहे.

गोलपिठा: तेंडुलकरांनाही शब्द विचारावे लागले

१९७२ साली नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ आला. मुंबईच्या कामाठीपुरा परिसरातल्या वस्तीचं नाव थेट पुस्तकाला दिलेलं. ढसाळ तिथेच वाढले होते आणि त्यांनी टॅक्सीही चालवली होती. संग्रहाला प्रस्तावना होती विजय तेंडुलकरांची.

तेंडुलकर तोवर मराठी रंगभूमीवरचं मोठं नाव झालं होतं. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ येऊन गेलं होतं. अशा माणसानं प्रस्तावनेत काय करावं? त्यांनी आपल्याला न कळलेल्या शब्दांचे अर्थ ढसाळांना विचारले आणि ते विचारल्याचं प्रस्तावनेत मोकळेपणानं लिहिलं. ढसाळांसोबत ते त्या वस्तीतही फिरून आले.

यात सामान्य वाचकासाठी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे, तेंडुलकरांना विचारायची लाज वाटली नाही, तर आपल्याला का वाटावी? आणि दुसरी जास्त महत्त्वाची. ‘दुर्बोध’ हा शब्द आपण वापरतो तेव्हा नेमकं कुणाला कळत नसतं? गोलपिठ्यातले शब्द त्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला रोजचे होते. ते कळत नव्हते पुस्तकं विकत घेणाऱ्या वाचकाला. म्हणजे अडचण कवितेत जितकी होती, तितकीच दोन वस्त्यांमधल्या अंतरात होती. ज्यांची भाषा कधी पुस्तकात आलीच नाही, ते लिहायला लागले की वाचणाऱ्याला ते पहिल्यांदा विचित्रच वाटतं. ढसाळांनी ज. वि. पवार, राजा ढाले यांच्यासोबत दलित पँथर उभी केली तीही याच वर्षी, १९७२ मध्ये. आपली भाषा कवितेत आणणं आणि आपला हक्क रस्त्यावर मागणं ही दोन वेगळी कामं नव्हती.

म्हणून दुसरा प्रश्न: हे कोण बोलतंय, कुठून बोलतंय? कळलं नाही म्हणून फेकून देताना आपण कधीकधी एका कवितेबरोबर एका अख्ख्या वस्तीचं बोलणं बंद करत असतो.

आणि तो ‘एंटर’वाला विनोद?

त्याचं उत्तर अरुण कोलटकर यांच्याकडे मिळतं. कोलटकर मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत लिहायचे आणि पोटापाण्यासाठी जाहिरात क्षेत्रात ग्राफिक डिझायनर म्हणून काम करायचे. खंडोबाच्या जेजुरीवरच्या त्यांच्या ‘जेजुरी’ या इंग्रजी संग्रहाला १९७७ सालचा कॉमनवेल्थ कविता पुरस्कार मिळाला.

या संग्रहाच्या शेवटाकडे जेजुरीहून रेल्वे स्टेशनकडे जाताना शेतात कोंबडे-कोंबड्या उड्या मारताना दिसतात. कोलटकरांनी ते वर्णन करून सांगितलं नाही. त्यांनी शब्दच पानावर वरखाली विखरून टाकले. वाचताना तुमचे डोळे उड्या मारतात. तेच शब्द सरळ एका ओळीत लिहिले तर उड्या संपतात आणि कविताही संपते.

यातून एक चाचणी मिळते. मुक्तछंदातली कुठलीही कविता घ्या आणि तिच्या ओळी जोडून सलग परिच्छेद लिहून काढा. मग दोन्ही मोठ्यानं वाचा. ओळ जिथे तुटत होती तिथे श्वास थांबत होता का? एखादा शब्द एकटा उभा होता म्हणून जड वाटत होता का? परिच्छेद केल्यावर काहीतरी हरवलं असेल तर तो एंटर कामाचा होता. काहीच हरवलं नसेल, तर विनोद करणाऱ्याचं त्या कवितेपुरतं बरोबर आहे.

कुमार गंधर्व: घराण्यातला बंडखोर

आता गाण्याकडे येऊ. सुळेभावीला ८ एप्रिल १९२४ ला जन्मलेले शिवपुत्र कोमकली लहानपणीच ‘कुमार गंधर्व’ म्हणून गाजले. मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे ते शिकले. पुढे क्षयरोग झाला, १९४८ मध्ये हवापालटासाठी ते मध्य प्रदेशातल्या देवासला गेले आणि काही वर्षं गाणं बंद पडलं. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची, फिरत्या गाणाऱ्यांची लोकगीतं कानावर पडत राहिली.

बरे होऊन ते परत गायला लागले तेव्हा ख्यालाच्या जाणकारांना धक्का बसला. ख्याल हळूहळू चढत जाईल, आलापी लांबत जाईल, शेवटी तानांचा पाऊस पडेल अशी श्रोत्याची अपेक्षा. कुमारजी छोट्या छोट्या तुकड्यांत गायचे, मध्येच थांबायचे, एकदम आवाज टाकायचे आणि एकदम अलगद व्हायचे. लोकधुनांमधून त्यांनी मालवती, सहेली तोडी, लगनगंधार असे राग घडवले. निर्गुणी भजनं त्यांनी मैफलीत मानानं बसवली. घराण्याची चौकट त्यांना मान्य नव्हती आणि त्यावरून त्यांच्यावर टीकाही भरपूर झाली. १९९० साली त्यांना पद्मविभूषण मिळालं तोवर त्यांचं गाणं हीच एक वाट झाली होती.

राग ओळखता न येणाऱ्यानं त्यांचं गाणं कसं ऐकायचं? थांबे ऐका. ते कुठे थांबतात आणि त्या रिकाम्या जागेत तुमच्या मनात काय होतं, एवढंच बघा. मग बंदिशीतला एखादा शब्द पकडा आणि तो किती वेगवेगळ्या पद्धतीनं येतो ते ऐका. तानपुऱ्याकडेही लक्ष द्या. कुमारजींचे तानपुरे किती सुरेल लागलेले असायचे, याच्या आठवणी त्यांना ऐकलेले लोक आजही सांगतात.

शांतता हेच संगीत असेल तर?

थांब्यांची गोष्ट निघालीच आहे तर हेही सांगायला हवं. २९ ऑगस्ट १९५२ ला अमेरिकेत वुडस्टॉकजवळच्या एका सभागृहात डेव्हिड ट्यूडर पियानोसमोर बसले आणि ४ मिनिटं ३३ सेकंद त्यांनी एकही सूर वाजवला नाही. पियानोचं झाकण बंद करून आणि उघडून तीन भाग झाल्याचं फक्त दाखवलं. रचनाकार होते जॉन केज. श्रोते वैतागले, काही उठून गेले.

केज यांचा मुद्दा असा होता की तिथे शांतता नव्हतीच. वारा होता, पावसाचे थेंब होते, लोकांची चुळबुळ होती. ते सगळं ऐकण्यासारखं आहे, फक्त आपण ऐकत नाही. केज यांच्या विचारांवर भारताचाही प्रभाव होता. अहमदाबादच्या गीता साराभाई या संगीतकार त्यांच्याकडे पाश्चात्त्य संगीत शिकल्या आणि बदल्यात त्यांनी केज यांना भारतीय संगीताची ओळख करून दिली.

ही रचना तुम्हाला आवडलीच पाहिजे असं अजिबात नाही. पण एकदा लोकल ट्रेनमध्ये हेडफोन काढून साडेचार मिनिटं नुसतं ऐकून बघा. केज यांना काय म्हणायचं होतं ते वाचून कळण्यापेक्षा तिथे लवकर कळेल.

मग प्रत्यक्षात काय करायचं?

१. आधी ऐका, अर्थ नंतर. कविता असेल तर मोठ्यानं वाचा. पहिल्या वेळी एकही शब्द शोधायला जाऊ नका. कुठला शब्द किंवा कुठली जागा अडकली, एवढंच लक्षात ठेवा.

२. नियम शोधा. काय मोडलंय, काय पाळलंय? उत्तर अर्धवट मिळालं तरी चालेल.

३. बोलणारा शोधा. हा आवाज कुणाचा आहे? कुठल्या काळातला, कुठल्या वस्तीतला?

४. दुसऱ्यांदा या. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ साली दाखवलं होतं की एखादी अनोळखी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की ती आवडायला लागण्याची शक्यता वाढते. याला मर्यादा आहे. पहिल्याच वेळी मनापासून नकोशी वाटलेली गोष्ट दहा वेळा ऐकून आवडेलच असं नाही. पण एकदा ऐकून निकाल देणं हे एक घास खाऊन खानावळ बंद करण्यासारखं आहे.

५. विचारा, पण नेमकं विचारा. ‘याचा अर्थ काय?’ या प्रश्नाला कवी सहसा कंटाळलेला असतो. ‘हा शब्द कुठून आला?’, ‘इथे तुम्ही का थांबलात?’ असं विचारलंत तर उत्तर मिळायची शक्यता जास्त.

६. कार्यक्रमात मोबाईल खिशात ठेवा. रेकॉर्ड करताना आपण ऐकत नसतो, फ्रेम सांभाळत असतो.

आवडलं नाही असं म्हणायचं नाही का?

खुशाल म्हणा. जगावेगळं म्हणजे चांगलं, हे समीकरण खोटं आहे. नवा प्रयोग फसू शकतो, आणि काही लोक अवघडपणाच्या आड काहीच नसल्याचं लपवतातही. श्रोता म्हणून नापसंती हा तुमचा हक्क आहे. तुम्ही तिकीट काढलंय, वेळ दिलाय.

फक्त ‘कळलं नाही’ आणि ‘आवडलं नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. कळलं पण आवडलं नाही, हे होऊ शकतं. पूर्ण कळलं नाही पण आवडलं, हेही होतं. परभाषेतली गाणी आपण वर्षानुवर्षं अशीच तर ऐकतो. आणि आवडलं नसेल तर कुठे आवडलं नाही ते सांगता येतंय का बघा. ‘मधला भाग लांबला’, ‘प्रतिमा एकमेकींना जोडल्या जात नाहीत’ असं तुम्ही म्हणालात की ती समीक्षाच झाली.

टिंगलसुद्धा अभ्यास करून करता येते. आचार्य अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावानं ‘झेंडूची फुले’ लिहून त्या काळच्या कवींची भरपूर उडवली. पण एखाद्या कवीची नक्कल जमायची तर त्याची लकब, त्याची शब्दांची आवड, त्याची ओळ कुठे वळते हे सगळं पाठ असावं लागतं. अत्र्यांनी ज्यांची थट्टा केली, त्यांना आधी नीट वाचलं होतं.

सुरुवात कुठून करायची?

कविता वाचायची असेल तर ‘अरुण कोलटकरच्या कविता’ किंवा ‘गोलपिठा’ यातली रोज एकच कविता, मोठ्यानं. गाणं ऐकायचं असेल तर कुमार गंधर्वांचं एखादं निर्गुणी भजन, रात्री, दिवे मालवून, दोनदा. आजचं काही हवं असेल तर मुंबईच्या ‘स्वदेसी’ या हिप-हॉप गटाचं आरेच्या जंगलातल्या वारली समाजावरचं ‘द वारली रिव्हॉल्ट’ ऐका. रॅप आणि आदिवासी सूर एकत्र आल्यावर कोण, कुठून बोलतंय हा प्रश्न तिथे लगेच समोर येतो.

आणि पुढच्या वेळी एखाद्या कार्यक्रमात काही कळलं नाही, तर शेजाऱ्याकडे बघून मान डोलावू नका आणि उठून जाण्याची घाईही करू नका. मध्यंतरात शेजाऱ्याला सरळ विचारा, ‘तुम्हाला कळलं का हो?’ बहुतेक वेळा तोही हाच प्रश्न विचारायला कुणीतरी शोधत असतो.